मोठा कॅम टाकला की आयडल बिघडतो, ट्यूनिंगनंतर चार दिवस बरा, मग पुन्हा तेच

ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. मोठा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला, पाच हजार आरपीएमच्या वर गाडी सुसाट पळते, पण खाली जीवच नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन उचक्या देतं, क्लच सोडताना बंद पडतं, प्लग काढले तर काळेकुट्ट. ट्यूनिंग करून घेतलं की आठ-दहा दिवस बरं चालतं, मग हळूहळू पहिले पाढे पंचावन्न. माणूस पुन्हा ट्यूनिंगला जातो. तिसऱ्या खेपेला इंजेक्टर बदलतो, चौथ्या खेपेला इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, शिव्या घालतो.

मी हा फेरा पूर्ण केलेला आहे. दोन लिटरचं चार सिलिंडर ट्विन-कॅम इंजिन, कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो) ९.५, शिम लावायचे बकेट टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले भाग), आणि कॅटलॉगमधला २८४ अंश ड्युरेशनचा (क्रँकचे इतके अंश व्हॉल्व्ह उघडा राहतो) कॅम. तो मी निवडला होता आवाजावरून. एका गाडीचा आयडल ऐकला, ती धडधड आवडली, आणि ऑर्डर देऊन मोकळा झालो. स्टँडर्ड कॅम २४८ अंशांचा होता. एकदम ३६ अंशांची उडी मारतोय, याचा अर्थ काय होतो हे तेव्हा कळत नव्हतं.

लक्षणं सारखीच असली तरी मागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात: कॅम चुकीचा बसलाय, सोबतच्या भागांना तो झेपत नाहीये, किंवा मुळात निवडच चुकली आहे. पहिल्या दोन गोष्टी तपासल्याशिवाय तिसरीवर येऊ नका. कॅम पुन्हा विकत घेण्यापेक्षा टॅपेट मोजणं स्वस्त पडतं.

बसवण्यातली चूक आधी काढा

टॅपेटचं क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) कॅमसोबत आलेल्या कार्डाप्रमाणे घ्या, गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे नाही. लोबचा, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचा, चढ-उतार बदलला की क्लिअरन्सही बदलतं. ते कमी पडलं तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो, गरम झाल्यावर पुरता बसतही नाही, आणि थंड असताना शहाण्यासारखं वागणारं इंजिन तापलं की मिसिंग मारायला लागतं. "गरम झाल्यावरच होतं" असं असेल तर मी सगळ्यात आधी फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) हातात घेतो.

कॉम्प्रेशन टेस्टही करा, पण आकडा वाचताना भान ठेवा. मोठ्या कॅमवर सगळ्याच सिलिंडरचं रीडिंग स्टँडर्डपेक्षा खाली येतं, ते का ते पुढे सांगतो. चारही सारखेच उतरले असतील तर रिंग घालायची घाई करू नका. एकच सिलिंडर मागे असेल तर मात्र त्याचा व्हॉल्व्ह, क्लिअरन्स, सीट बघा.

मग इनटेक मॅनिफोल्डची गळती. कॅम बदलताना मॅनिफोल्ड उतरवलेला असतो, आणि बारीक गळती मोठ्या कॅमच्या आयडलशी इतकी मिळतीजुळती वाटते की लोक "कॅम आहे, असंच चालणार" म्हणून सोडून देतात. धूर सोडून तपासली तर पाच मिनिटांत कळतं.

आता टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडतात-मिटतात ते. खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळलं असं नाही. क्रँकच्या पुलीला २४ दात असतील तर एक दात चुकणं म्हणजे क्रँकचे पूर्ण १५ अंश. पण इतकी ढोबळ चूक सहसा पकडली जाते. फसवतात ते चार-पाच अंश. वर कॅम असलेल्या इंजिनात हेड (इंजिनाचा वरचा भाग) घासून घेतलं की कॅम आणि क्रँक यांच्यातलं अंतर कमी होतं, टेन्शनर ढिलाई खातो, आणि खुणा बरोबर दिसत असूनही दोन्ही कॅम मागे पडतात, म्हणजे उशिरा उघडू लागतात. कॉम्प्रेशन वाढवायला हेड घासलं आणि त्यातूनच खालचा टॉर्क गेला, हा विनोद माझ्याच गॅरेजमध्ये घडलेला आहे.

त्यामुळे क्रँकवर डिग्री व्हील (अंश मांडलेली चकती) लावा. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून इंजिन दोन्ही दिशांना हाताने हळू फिरवा, पिस्टन जिथे जिथे अडतो त्या दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू). मग पहिल्या सिलिंडरच्या इनटेक बकेटवर डायल गेज उभा करा. सर्वाधिक लिफ्टच्या (व्हॉल्व्ह किती उघडतो त्याच्या) अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे लिफ्ट सारखीच कमी झालेली असताना अंश नोंदवा आणि सरासरी काढा. ही इनटेकची सेंटरलाइन. कार्डावर १०८ असेल आणि तुमची ११३ येत असेल तर तुमचा कॅम वाईट नाही, पाच अंश मागे आहे. ॲडजस्टेबल पुली याचसाठी असतात, बॉनेट उघडून दाखवायला नाही.

आठ दिवसांनी परत का येतं

मला सगळ्यात जास्त छळलं ते याने. ट्यूनिंग नीट झालेलं असतं, मग ते बिघडतं कसं?

मोठ्या कॅममध्ये एक्झॉस्ट बंद होण्याआधी इनटेक बराच उघडलेला असतो. हा ओव्हरलॅप. दोन्ही ड्युरेशनची सरासरी घ्या, त्यातून लोब सेपरेशनची (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत) दुप्पट वजा करा. माझा स्टँडर्ड कॅम २४८ अंश आणि ११० सेपरेशन, म्हणजे २८ अंश. नवा २८४ आणि १०८, म्हणजे ६८ अंश. वरच्या आरपीएमला हाच ओव्हरलॅप कामाचा, बाहेर पडणारा वायू आत येणाऱ्या हवेला ओढून घेतो. आयडलला मात्र थ्रॉटल बंद, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम, त्यामुळे जळका वायू उलटा आत घुसतो. मिश्रण इतकं भेसळयुक्त होतं की काही ठिणग्या वाया जातात.

वाया गेलेल्या ठिणगीनंतर न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं आणि न वापरलेला ऑक्सिजनही. ऑक्सिजन सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो. तो इसीयूला सांगतो, मिश्रण पातळ आहे, पेट्रोल वाढवा. इसीयू वाढवतो. प्लग काळे होतात, अजून ठिणग्या वाया जातात, अजून ऑक्सिजन दिसतो, अजून पेट्रोल. इसीयूची ही दुरुस्ती साठत जाते. ट्यूनरने सगळं पुसून कोरी पाटी दिली की गाडी बरी वाटते, आणि आठवडाभरात सेन्सर पुन्हा तीच चुकीची शिकवणी सुरू करतो. परत परत येणाऱ्या आजाराचं मूळ हे होतं. इंजेक्टर बिचारे निर्दोष होते.

उपाय असा: आयडलला आणि अगदी कमी आरपीएमला सेन्सरवरून होणारी दुरुस्ती बंद करा, इसीयूला ठरलेल्या मॅपवरच (पेट्रोल आणि ठिणगीच्या तक्त्यावर) चालू द्या. आयडल थोडा वर घ्या, साडेआठशेचा हट्ट सोडून हजार-अकराशेवर. आयडलचा इग्निशन ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते) वाढवा, कारण भेसळ झालेलं मिश्रण सावकाश जळतं. किती, ते इंजिनलाच विचारा: दोन-दोन अंश वाढवत जा, व्हॅक्यूम वाढायचा थांबला की थांबा.

इसीयू मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा मोजत असेल तर आणखी एक पेच आहे. स्टँडर्ड इंजिन आयडलला १८ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम ओढतं, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये साधारण ४० किलोपास्कल. मोठ्या कॅमवर तो १० इंचांवर आला की दाब ६७ होतो. इंजिन रिकामंच फिरतंय, पण जुन्या मॅपला वाटतं गाडी चढ चढतेय. आकडा वर-खाली थरथरतोही. इथे आयडलचा भाग नव्याने मॅप करावा लागतो, किंवा थ्रॉटल किती उघडलाय यावरून पेट्रोल ठरवावं लागतं. हॉट-वायर एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांत उलटी येणारी हवाही तारेवरून जाते आणि दोनदा मोजली जाते, निकाल तोच.

ब्रेक

हे वेगळं लिहितोय कारण चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. पेडल हलकं करणारा ब्रेक बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. आयडलला व्हॅक्यूम १० इंचांवर आला की पार्किंगमध्ये, उतारावर, सलग दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ते कडक होतं. जास्तीची टाकी फक्त एक-दोन दाबांची सोय करते. आयडलचा व्हॅक्यूम इतका खाली असेल तर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप बसवा, आणि तो बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

आयडल सुटला, पण खालचा दम?

ट्यूनिंगने आयडल सुधारतो. खालचा टॉर्क नाही सुधारत, आणि कॅमची निवड चुकली की बरोबर हे इथे ठरतं. लोक कॅटलॉगमध्ये लिफ्ट बघतात, फार तर ड्युरेशन. मी आता पहिल्यांदा एकच आकडा काढतो: इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो त्या बिंदूनंतर) किती अंशांनी बंद होतो.

हिशोब सोपा आहे. ड्युरेशनचा अर्धा, अधिक इनटेक सेंटरलाइन, वजा १८०. माझा स्टँडर्ड कॅम: १२४ अधिक १०६ वजा १८०, म्हणजे ५० अंश. नवा: १४२ अधिक १०८ वजा १८०, म्हणजे ७०. पिस्टन वर यायला लागल्यावर ७० अंशांपर्यंत दार उघडंच. वरच्या आरपीएमला हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत शिरत राहते, म्हणून उशिरा बंद होणं फायद्याचं. दोन हजारांवर तो वेग नसतो. आत आलेली हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलून देतो. खरं कॉम्प्रेशन व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच सुरू होतं.

८६ मिलिमीटर स्ट्रोक आणि १४५ मिलिमीटर कनेक्टिंग रॉड धरून मी गणित केलं. ५० अंशांना बंद होणाऱ्या व्हॉल्व्हमागे ७४ मिलिमीटर स्ट्रोक उरतो, ७० अंशांमागे ६३. कागदावरचं ९.५ कॉम्प्रेशन पहिल्या कॅमवर प्रत्यक्षात सुमारे ८.४ होतं, दुसऱ्यावर ७.३. म्हणजे कॅम बदलून मी माझ्याच इंजिनाचं कॉम्प्रेशन एका अंकाहून जास्त उतरवलं, आणि मग खाली दम नाही म्हणून ट्यूनरशी वाद घातला. २८४ च्या कॅमवर मूळचं ८.४ परत मिळवायचं तर कागदावर ११ लागलं असतं. कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे चारही सिलिंडरमध्ये सारखे का उतरतात, ते हेच.

कॅम न बदलता इंजिनला काय हवंय हे विचारायच्या दोन युक्त्या आहेत. पहिली जुनी आणि मला फार आवडणारी: हायड्रॉलिक नसलेल्या टॅपेटवर क्लिअरन्स कार्डापेक्षा ०.०५ ते ०.१० मिलिमीटर जास्त ठेवून गाडी फिरवून बघा. क्लिअरन्स वाढलं की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर बसतो, कॅम जरासा लहान झाल्यासारखा वागतो. गाडी खालून स्पष्ट बरी चालली तर इंजिन लहान कॅम मागतंय. हे फक्त चाचणीपुरतं, त्यावर महिनोन्‌महिने फिरू नका, व्हॉल्व्ह सीटवर आपटतो.

दुसरी, इनटेक कॅम चार अंश पुढे घ्या. माझ्या बाबतीत बंद होणं ७० वरून ६६ वर आलं आणि अडीच हजारांवर फरक कळला. ट्विन-कॅममध्ये एक गोम आहे: फक्त इनटेक पुढे घेतला की ओव्हरलॅप चार अंशांनी वाढतो, खालचा दम सुधारतो पण आयडल अजून बिघडतो. एक्झॉस्टही तितकाच पुढे घेतला की ओव्हरलॅप जैसे थे राहतो. आणि इनटेक पुढे घेणं म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ जाणं, एक्झॉस्ट मागे घेणं म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जवळ जाणं. पुली फिरवण्याआधी पुढचा भाग वाचा.

स्प्रिंग, पिस्टन आणि बाकीची मंडळी

व्हॉल्व्ह पिस्टनला पूर्ण लिफ्टवर धडकतो असा समज आहे. पूर्ण लिफ्टला पिस्टन बराच खाली असतो. धोका टीडीसीच्या आसपास, साधारण एक्झॉस्टला दहा अंश आधी आणि इनटेकला दहा अंश नंतर. म्हणून लिफ्ट तीच पण ड्युरेशन मोठं, तरी टक्कर होऊ शकते. पिस्टनवर मऊ माती ठेवून, हेड कसून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून मातीची उरलेली जाडी मोजा. इनटेकला किमान २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच, हा बहुतेक बिल्डरांचा अंगठ्याचा नियम आहे.

दर वेळी अगदी त्याच आरपीएमला, समजा ६,८०० ला, इंजिन फटफटायला लागून पॉवर कोसळत असेल तर कॉइल बदलत बसू नका. स्प्रिंग लोबचा पाठलाग करू शकत नाहीये, व्हॉल्व्ह तरंगतोय. कॅमसोबत सांगितलेली स्प्रिंगच घ्या आणि बसवलेली उंची मोजा. उंची ३८ मिलिमीटर आणि वेटोळी २६ ला एकमेकांना टेकत असतील तर प्रवास १२, त्यात दीड मिलिमीटर राखून ठेवायचं, म्हणजे साडेदहापेक्षा जास्त लिफ्ट या स्प्रिंगवर नाही. रिटेनर आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातली जागाही त्याच वेळी बघा.

सपाट टॅपेटच्या जुन्या पुशरॉड इंजिनांत "कॅमच खाल्ला जातो" ही आणखी एक परत येणारी तक्रार. लोब सपाट होतो, टिकटिक येते, ऑइलमध्ये चमक दिसते. नवा कॅम आणि जुने टॅपेट ही जोडी कधीच नाही. सुरू केल्याबरोबर २० ते ३० मिनिटं दोन हजारांच्या आसपास, आयडलला सोडायचं नाही. आणि ऑइल झिंकवालं, कारण झीज रोखणारं झिंक आणि फॉस्फरस एकाच रसायनातून येतात: २००४ साली आलेल्या एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जात पातळ ग्रेडच्या ऑइलमधला फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणला गेला, आधुनिक रोलर टॅपेटला ते चालतं, सपाट टॅपेटला नाही.

मग निवडायचा कसा

कॅटलॉगमधली जाहीर ड्युरेशन एकमेकांशी ताडू नका. कोणी ०.१५ मिलिमीटर लिफ्टपासून मोजतं, कोणी वेगळ्या उंचीवरून. दोन "२८४" प्रत्यक्षात आठ-दहा अंशांनी वेगळे निघू शकतात. १ मिलिमीटर किंवा १.२७ मिलिमीटर लिफ्टला ड्युरेशन किती हे विचारा आणि तोच आकडा सगळ्यांचा घ्या.

गिअरबॉक्सचं गणित करा. पहिला गिअर ३.३ आणि दुसरा १.९ असेल तर सात हजारांवर बदलल्यावर इंजिन सुमारे ४,०३० वर येतं. ज्या कॅमची ताकद साडेचार हजारांवर सुरू होते, तो दर वेळी दुसऱ्या गिअरला खड्ड्यात पडणार. ट्रॅकवर जवळच्या गिअरांच्या बॉक्ससह तोच कॅम सोन्यासारखा वागेल. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड (गाडी अडवून धरली असताना इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढू शकतं) कॅमच्या खालच्या टोकाला पोचला पाहिजे, नाहीतर गिअरला टाकताच इंजिन गुदमरतं.

टर्बो असेल तर ओव्हरलॅपच्या बाबतीत कंजूष व्हा. टर्बाइनच्या आधी एक्झॉस्टमधला दाब बऱ्याचदा इनटेकपेक्षा जास्त असतो, दोन्ही दारं उघडी ठेवली की जळका वायूच आत येतो. लोब सेपरेशन रुंद घ्या. बारीक, गुदमरलेल्या एक्झॉस्टवर साध्या इंजिनातही हेच होतं. व्हेरिएबल टायमिंगवाल्या इंजिनात कॅम किती फिरतो ते गृहीत धरून पिस्टनची जागा तपासा, गरज पडल्यास फेझरला (कॅम पुढे-मागे फिरवणाऱ्या यंत्रणेला) मर्यादा घालणारा स्टॉप लावा.

आणि इंजिनाचा आकार विसरू नका. तेच ड्युरेशन पाच लिटरच्या व्ही-८ मध्ये गरीब गाय असतं आणि दीड लिटरमध्ये उधळलेला बैल. व्ही-८ चा कॅम बघून लहान इंजिनाचा ठरवणारे, मीही त्यातलाच.

शेवटी मी २६४ अंशांचा घेतला, ११० सेपरेशन, सेंटरलाइन १०८. बंद होणं ६० अंशांना, ओव्हरलॅप ४४. हेड घासून कॉम्प्रेशन १० वर आणलं, त्याने प्रत्यक्षातला आकडा सुमारे ८.३ झाला, मूळ इंजिनाच्या अगदी जवळ. घासल्यामुळे मागे पडलेले दोन्ही कॅम डिग्री व्हीलवर पुन्हा जागेवर आणले, स्प्रिंग कॅमवाल्याने सांगितलेल्याच घातल्या. सात हजारांवरची शेवटची थोडी ओढ गेली. तिथे मी वर्षातून किती वेळा पोचत होतो, ते बोटांवर मोजता येतं. आयडल हजारावर स्थिर आहे, आणि प्लग मागच्या सर्व्हिसला काढले तेव्हा फिकट तपकिरी होते. २८४ ची जोडी कपाटात आहे, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून. कॉम्प्रेशन ११ चं इंजिन कधी बांधलं तर बघू.